त्र्यंबकराव खवले आणि नदीपलीकडचं नाटक

एका जंगलात, बाळांनो, एक नाट्यगृह होतं. आता तुम्ही म्हणाल, जंगलात नाट्यगृह कसं? तर जिथं जिथं कुणीतरी बोलायला उभं राहतं आणि कुणीतरी ऐकायला बसतं, तिथं आज ना उद्या कुणीतरी मध्ये पडदा बांधतो आणि दारात तिकीट विकायला बसतो. या जंगलात ते काम डुकरे शेठनं केलं होतं. डुकरे शेठ म्हणजे रानडुक्कर. अंगानं दणकट, बोलायला गोड.

त्याच जंगलात एक वर्तमानपत्रही निघत असे. ‘दैनिक डरकाळी’ त्याचं नाव. त्याचे संपादक लांडगे. आणि त्या वर्तमानपत्रात वारुळांचे भाव लिहिण्याच्या कामावर एक खवले मांजर होतं. त्र्यंबकराव खवले.

खवले मांजर तुम्ही पाहिलं नसेल. त्याच्या अंगभर खवले असतात, कौलारू घरासारखे, एकावर एक. त्याची जीभ फार लांब असते. आणि तोंडात एकही दात नसतो. ते मुंग्या खातं आणि कुणाच्या वाटेला जात नाही. दुखावलं, की पोटात डोकं घालून गुंडाळून घेतं. त्याचा एक घट्ट गोळा होतो आणि तो मग कुणालाही उलगडता येत नाही. हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढं सगळं याच्यावरच झालं.

त्र्यंबकरावांना नाटकाचं फार वेड. लहानपणी ते नाट्यगृहाच्या फळ्यांखाली बीळ करून बसत आणि वरचं नाटक नुसतं ऐकत. दिसत काहीच नसे. फक्त पायांचे आवाज येत आणि फटीतून धूळ पडे. राजा कोणता आणि शिपाई कोणता ते पावलांवरून ओळखायचं. पुढं मोठे झाल्यावर ते तिकीट काढून वर बसले तेव्हा त्यांना पहिल्यांदा राजा दिसला. त्यांची निराशा झाली. फळ्यांखालून ऐकलेला राजा जास्त मोठा होता.

पण ते दर नाटकाला जात राहिले. आज तरी तो राजा दिसेल, अशा आशेनं.

‘डरकाळी’त नाटकांची परीक्षणं पारवे गुरुजी लिहीत. हे म्हातारे पारवे. त्यांचं परीक्षण गेली पंधरा वर्षं एकच होतं. “नेपथ्य प्रसंगानुरूप. संगीत अनुकूल. प्रमुख भूमिका चोख. इतरांची साथ समाधानकारक. रसिकांनी एकदा अवश्य पाहावं.” नाटकाचं नाव तेवढं ते बदलत. एकदा तेही बदलायचं राहिलं होतं, पण कुणाच्या लक्षात आलं नाही.

एका थंडीत गुरुजींचा घसा बसला. नटवर्य मोरे यांच्या नव्या नाटकाचा पहिला प्रयोग तोंडावर आला होता. लांडगे म्हणाले, “खवले, तुम्ही जाता नाटकांना. आज आमच्यासाठी जा. चार ओळी आणा.”

“काय लिहू?”

“गुरुजी लिहितात तेच.”

खवले गेले. पण त्यांनी गुरुजी लिहितात ते लिहिलं नाही. त्यांना ते जमलंच नाही. त्यांनी जे दिसलं ते लिहिलं.

“तिसऱ्या अंकात नटवर्य मोरे यांनी पिसारा फुलवला. त्या वेळी त्यांची पाठ आमच्याकडे होती. पिसाऱ्यामागं काय असतं हे आम्हाला बराच वेळ पाहायला मिळालं. संपूर्ण नाटकात लपवाछपवी नसलेली तेवढी एकच जागा होती.”

दुसऱ्या दिवशी ‘डरकाळी’चा अंक सकाळीच संपला. माकडं एकमेकांना फांद्यांवरून वाचून दाखवत होती. सशांच्या बिळांत हसून हसून माती ढासळली. नटवर्य मोरे तावातावानं कचेरीत आले, लांडग्यांना काय काय बोलले, आणि जाताना दारात वळून पिसारा फुलवला. या वेळी तोंड इकडं करून.

खरं सांगायचं तर त्या दिवसापासून मोऱ्यांचं काम सुधारलं. पण ते कुणी लिहिलं नाही.

पारवे गुरुजींचा घसा बरा झाला, पण त्यांना कुणी परत बोलावलं नाही. लांडग्यांनी खवल्यांना स्वतंत्र सदर दिलं. खवले दर आठवड्याला लिहू लागले. “घोरपडे यांनी भूमिका घट्ट धरून ठेवली होती. सोडायला हवी होती.” “कोकिळाबाईंचं दुसरं पद पहिल्यासारखं होतं. तिसरंही.” “नाटकात वादळाचा प्रसंग फार चांगला झाला. तो रंगमंचावर नव्हता, बाहेर होता. आम्ही खिडकीतून पाहिला.”

त्यांच्या मनात कुणाबद्दल वाईट नव्हतं. कुणी ओल्या मुंग्यांचा डबा पाठवला तर तो ते आल्या पावली परत करत. कुणी वाटेत अडवून दम दिला तर त्यालाही “हो, हो” म्हणून पुढं जात, आणि लिहायचं तेच लिहीत. सगळं जंगल म्हणे, खवल्यांचे दात फार तीक्ष्ण आहेत. बिचाऱ्यांना एकही नव्हता.

मग घोरपड्यांच्या ऐतिहासिक नाटकात तो प्रसंग घडला.

खवले तिसऱ्या रांगेत बसले होते. दुसऱ्या अंकात घोरपडे गडाच्या तटावर चढले आणि एक भाषण करू लागले. ते भाषण संपेना. घोरपडे तटाला चिकटलेले, भाषण घोरपड्यांना चिकटलेलं. खवल्यांना पहिल्यांदा कंटाळा आला. मग दुःख झालं. इतकं वाईट नाटक कुणी का करावं, असं वाटलं. आणि त्यांना कळायच्या आत त्यांनी पोटात डोकं घातलं, शेपूट वरून घेतलं, आणि त्यांचा गोळा झाला.

शेजारी बसलेल्या सांबरानं ते पाहिलं. त्यानं मागच्याला सांगितलं. मागच्यानं त्याच्या मागच्याला. “खवले गुंडाळले.” पाच मिनिटांत नाट्यगृह रिकामं झालं. घोरपडे तटावर एकटेच राहिले. त्यांना खाली उतरायला शिडी कुणी आणली ते मला ठाऊक नाही.

त्या दिवसापासून, बाळांनो, त्या जंगलात नाटक कुणी पाहिलं नाही. सगळे खवल्यांना पाहू लागले.

पडदा वर गेला, की सगळ्यांच्या माना तिसऱ्या रांगेकडं वळत. विनोद झाला, की आधी खवल्यांकडं बघायचं आणि मग हसायचं की नाही ते ठरवायचं. नट बोलत असत राणीशी, पण नजर खवल्यांच्या शेपटीवर. शेपूट जरा हललं, की वाक्य गाळून पुढचं घ्यायचं. असं करत करत चार अंकी नाटकं दीड अंकावर आली. निर्मात्यांनी जाहिराती लावल्या. “खवल्यांना सलग अकरा मिनिटं उलगडलेलं ठेवणारं एकमेव नाटक.” दुसऱ्यानं लगेच लावली. “बारा मिनिटं. घड्याळ लावून खात्री करा.”

नाट्यगृहाबाहेरही ते लोण पोहोचलं. शाळेत गणिताच्या तासाला माकडांची पोरं पोटात डोकं घालू लागली. सशांच्या एका लग्नात मंगलाष्टकं लांबली तेव्हा नवरदेवाचे मामा भर मांडवात गुंडाळले. कोल्हीण कोल्ह्याला म्हणे, “भाजी आवडली नसेल तर तोंडानं सांगा. हे असं गोल व्हायचं काही कारण नाही.”

एके दिवशी डुकरे शेठ खवल्यांच्या घरी आला. आल्या आल्या त्यानं हात जोडले.

“खवलेसाहेब, एक अडचण झाली आहे.”

“काय?”

“मागच्या रांगांना तुम्ही दिसत नाही.”

“मग?”

“मग नाटक वाईट आहे हे त्यांना कळायचं कसं? गरीब लोक आहेत. तिकीट काढून येतात.”

खवले विचारात पडले.

“तुमची खुर्ची जरा वर घेऊ,” डुकरे शेठ म्हणाला. “रंगमंचावर. एका कडेला. तुमच्यावर थोडा उजेड सोडू. तुम्हाला काही करायचं नाही. तुम्ही आपले नेहमीसारखे नाटक बघा.”

“पण नाटकाच्या मध्ये मी…”

“नाटक तुमच्या मागं ठेवू हवं तर.”

खवले शहाणे होते. त्यांनी नाही म्हणायला हवं होतं. पण त्यांना वाटलं, इतक्या जवळून नटांचे चेहरे दिसतील. आणि कशाला खोटं सांगू, थोडे सुखावलेही. ज्या फळ्यांखाली त्यांचं लहानपण गेलं, त्या फळ्यांवर आता त्यांची खुर्ची येणार होती. ते हो म्हणाले. डुकरे शेठनं करारच तयार करून आणला होता. त्यात एक बारीक कलम होतं. “प्रत्येक प्रयोगात किमान एकदा गुंडाळणं बंधनकारक.” खवल्यांना त्यात काही अडचण दिसली नाही. तोवर एकाही प्रयोगात ते चुकलं नव्हतं.

नाट्यगृह रोज भरू लागलं. लोक येत, खवल्यांच्या गुंडाळण्याची वाट बघत, खवले गुंडाळले की टाळ्या वाजवत आणि घरी जात. मध्यंतर काढून टाकलं, कारण तिथवर कुणी पोहोचतच नसे. नाटकं करणाऱ्यांनाही त्याचं काही वाटेनासं झालं. उलट सोपं झालं. पहिला अंक नीट बसवायचा नाही, दुसरा लिहायचाच नाही.

खवले मात्र दर प्रयोगाला त्याच आशेनं येत. आज तरी.

एका वर्षी मोऱ्यांची पिसं गळायचे दिवस आले. पिसं गळली की मोरे घराबाहेर पडत नसत. आठवडाभराचे प्रयोग रद्द झाले. डुकरे शेठला नाट्यगृह रिकामं ठेवणं सोसत नव्हतं. कुणीतरी सांगितलं की जंगलाच्या कडेला, गवताळ माळावर, सगुणाबाई तितरे नावाची एक तितर आपलं छोटंसं नाटक करते. डुकरे शेठनं तिला निरोप धाडला.

सगुणाबाई आल्या. तपकिरी, ठेंगण्या, गवतात ठेवल्या तर दिसायच्या नाहीत अशा. बरोबर एक बेडूक. तो पेटी वाजवायचा आणि सगुणाबाई सोडून बाकीच्या सगळ्या भूमिकाही तोच करायचा. त्यांच्याकडं सामान म्हणून एक टोपली होती. नेपथ्य त्या टोपलीत मावायचं.

पडदा उघडायच्या आधी सगुणाबाईंनी रंगमंचावरची खुर्ची पाहिली.

“हे बसलेत ते कोण?” त्यांनी डुकरे शेठला विचारलं. माळावर ‘डरकाळी’ जात नसे.

“ते खवले.”

“त्यांना नाटकात काम आहे का?”

“त्यांचंच काम आहे,” डुकरे शेठ म्हणाला.

सगुणाबाईंना काही कळलं नाही. त्यांनी खवल्यांना नमस्कार केला आणि म्हणाल्या, “तुमच्या डोळ्यांवर उजेड येतोय. खुर्ची थोडी फिरवून देऊ का?” तोवर कुणी खवल्यांना हे विचारलं नव्हतं. खवले म्हणाले, “असू दे.”

तिसरी घंटा झाली. नाटक सुरू झालं.

नाटक एका मुंगीचं होतं. वारुळाच्या दारावर बसणाऱ्या एका म्हाताऱ्या मुंगीचं. दिवस मावळला की सगळ्या मुंग्या घरी येतात. ही त्यांना मोजून आत घेते. मोजणी जुळली, की दार लावायचं. असा त्या वारुळाचा नियम. आज एक मुंगी कमी भरते. म्हातारी पुन्हा मोजते. पुन्हा एक कमी. आतून आवाज येतो, “दार लावा.” आतला आवाज बेडकाचा. म्हातारी म्हणते, “थांबा, माझंच मोजायला चुकलं.” ती परत पहिल्यापासून मोजायला लागते. आणि बघणाऱ्याच्या हळूहळू लक्षात येतं की तिचं चुकलेलं नाही. ती मुद्दाम चुकते आहे. मोजणी चुकलेली असेतोवर दार उघडं ठेवता येतं.

बस, एवढंच. सगुणाबाई ओरडल्या नाहीत. रडल्या नाहीत. “अठरा,” म्हणायच्या आणि पुढं जायच्याऐवजी रस्त्याकडं बघायच्या.

पाच मिनिटं झाली. खवले उलगडलेले. दहा मिनिटं झाली. लोक आधी घड्याळ बघत होते, मग बघायचे थांबले. वीस मिनिटं झाली. नाट्यगृहात इतकी शांतता होती की पेटीच्या भात्याचा श्वास ऐकू येत होता. मागच्या रांगेत एका तरसानं डोळे पुसले. त्यानं आयुष्यात कधी मुंगीकडं ढुंकून पाहिलं नव्हतं.

खवले बघत होते. त्यांच्या मनात वेगळंच काही चाललं होतं. त्या दिवशी सकाळी त्यांनी नेहमीप्रमाणं पोटभर मुंग्या खाल्ल्या होत्या. कमी भरणारी मुंगी कुठं गेली, हे त्या नाट्यगृहात त्यांच्याइतकं कुणालाच पक्कं ठाऊक नव्हतं.

सगुणाबाई म्हणाल्या, “पुन्हा चुकलं बाई. म्हातारपण. पुन्हा मोजते.”

खवल्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते थांबेना. अंगावर उजेड. समोर सगळं जंगल. ज्यानं कधी भुवई हलवली नाही, त्याला हुंदका आवरेना. त्यांना एकच गोष्ट सुचली. सुचली तरी कसली, अंगानंच केली. त्यांनी पोटात डोकं घातलं, शेपूट वरून घेतलं, आणि गोळा झाले.

मग मागून कुणीतरी शीळ घातली.

“गुंडाळले!”

नाट्यगृह टाळ्यांनी दणाणलं. ज्या तरसानं डोळे पुसले होते तो शेजाऱ्याला म्हणाला, “मला आधीच वाटलं होतं, भिकार आहे म्हणून.” सगळ्यांना एकदम हायसं वाटलं. आपल्याला आवडत होतं ते वाईट होतं, हे वेळेवर कळलं याचा आनंद झाला. हसत हसत, एकमेकांच्या पाठीवर थापा मारत सगळे बाहेर पडले. सगुणाबाई “सतरा”वर थांबल्या होत्या. त्या तशाच उभ्या राहिल्या. मग पडदा पडला.

आत, स्वतःच्या पोटाच्या अंधारात, खवले रडत होते. बाहेर काय चाललं आहे ते त्यांना ऐकू येत होतं. उलगडावं, उठावं, ओरडून सांगावं असं त्यांच्या मनात आलं. पण ओला चेहरा दाखवायचं धाडस झालं नाही. धाडस झालं तोवर समोर रिकाम्या खुर्च्या होत्या.

ते धावतच कचेरीत गेले. खवले मांजर धावताना तुम्ही पाहिलं नसेल. पाहण्यासारखं नसतं. त्यांनी तिथल्या तिथं परीक्षण लिहिलं.

“आज मी रडलो. इतकं चांगलं नाटक मी पूर्वी पाहिलं नव्हतं. मी गुंडाळलो तो रडू लपवण्यासाठी. चूक माझी आहे. सर्वांनी हे नाटक पाहावं.”

लांडग्यांनी ते वाचलं. पहिल्या ओळीला त्यांचे ओठ थरथरले. तिसऱ्या ओळीला त्यांनी टेबलावर डोकं टेकलं. शेवटी डोळे पुसत ते म्हणाले, “खवले, तुम्ही थोर आहात.”

“तुम्हालाही रडू आलं?”

“हसून हसून. ‘सर्वांनी हे नाटक पाहावं.’ काय टोला आहे. त्या बाईचं कंबरडंच मोडलंत.”

“साहेब, मी खरं लिहिलंय.”

“हाच, हाच चेहरा,” लांडगे म्हणाले. “हा असाच गंभीर ठेवा. कुणी विचारलं तरी सोडू नका.”

परीक्षण पहिल्या पानावर छापून आलं. जंगलानं ते डोक्यावर घेतलं. खवल्यांचं सगळ्यात जहरी परीक्षण, असं सगळ्यांचं मत पडलं. “मी रडलो” हे वाक्य ज्याच्या त्याच्या तोंडी झालं. आमटी खारट झाली, की घरोघरी म्हणत, “मी रडलो.” खवल्यांनी दुसऱ्या दिवशी खुलासा दिला. “कालचं परीक्षण उपरोधिक नव्हतं.” त्याला तर लोक कालच्यापेक्षा जास्त हसले.

तिसऱ्या दिवशी खवले माळावर गेले. सगुणाबाई टोपली बांधत होत्या. बेडूक पेटीला दोरी गुंडाळत होता.

“बाई,” खवले म्हणाले.

“बसा,” सगुणाबाई म्हणाल्या. “पाणी देऊ?”

“मी त्या दिवशी खरोखर रडत होतो.”

बेडूक पेटी बांधायचा थांबला. त्याला हे चेष्टेचं वाटलं. त्याचा गळा फुगला. सगुणाबाईंनी त्याला हातानं थांबवलं आणि खवल्यांकडं नीट पाहिलं.

“कुठल्या जागेला?” त्यांनी विचारलं.

“‘म्हातारपण’ म्हणता ना, तिथं.”

“आणि ‘अठरा’नंतर मी थांबते, तिथं नाही?”

“तिथं यायला लागलं होतं. पण…” खवले अडखळले.

“बोला की.”

“तिथलं थांबणं जरासं लांबलं.”

बेडकानं पेटी खाली आपटली. “बघा. बघा यांना. कंपनी बसली, गावभर छी थू झाली, आणि हे अजून…”

“गप रे,” सगुणाबाई म्हणाल्या. मग तिथंच, टोपलीपाशी, हलक्या आवाजात “अठरा” म्हणाल्या आणि थांबल्या. पुन्हा म्हणाल्या आणि थोडं कमी थांबल्या. “हो. लांबतंय. मला वाटायचंच.”

खवल्यांना इतकं बरं गेल्या कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

“तुम्ही आता कुठं निघालात?” त्यांनी विचारलं.

“नदीपलीकडं. तिकडं गवे आहेत. त्यांना वाचता येत नाही, असं ऐकलंय.”

“बाई, एक विचारू? शेवट काय आहे? ती मुंगी येते का? मी तेव्हा आत होतो. आणि तुम्हीही पुढं केलं नाहीत.”

सगुणाबाई हसल्या. “शेवट सांगायचा नसतो, खवलेसाहेब. तिकडं या. तिकीट काढा. जमिनीवर बसा.”

त्या गेल्या.

पुढचे आठ दिवस खवले डुकरे शेठच्या खुर्चीत बसले आणि कराराप्रमाणं गुंडाळले. मोऱ्यांना नवी पिसं आली होती. नवव्या दिवशी सुट्टी होती. खवले कुणाला न सांगता नदीवर गेले आणि पोहून पलीकडं निघाले.

पलीकडं नाट्यगृह नव्हतं. एक सपाट जागा होती, घोटाभर चिखल होता, आणि त्या चिखलात शंभरएक गवे आणि गवी बसले होते. खवल्यांनी तिकीट काढलं. मागं बसले. पुढं एका गव्याची पाठ होती, त्यामुळं अर्धंच दिसत होतं. कुणी वळून त्यांच्याकडं पाहिलं नाही. सगळे समोर बघत होते. खवल्यांना फार चुकल्याचुकल्यासारखं झालं. मग नाटक सुरू झालं आणि तेही समोर बघू लागले.

सगुणाबाई “अठरा” म्हणाल्या. थांबल्या. या वेळी बरोबर तेवढ्याच थांबल्या. आणि “म्हातारपण” म्हणाल्या तेव्हा खवल्यांचं पुन्हा तेच झालं. पोटात डोकं, वरून शेपूट.

शेजारी एक थोराड गवी बसली होती. तिचे स्वतःचे डोळे वाहत होते. तिनं नाकानं खवल्यांना हलकेच ढोसलं.

“अहो पाहुणे.”

“हं,” आतून आवाज आला.

“रडायचं असेल तर मोकळे रडा. इथं सगळेच रडताहेत. असं आत बसलात तर शेवट चुकेल.”

खवले थोडा वेळ तसेच राहिले. मग हळूहळू, आधी शेपूट, मग पाठ, मग तोंड, असे उलगडले. त्यांचा चेहरा सगळा ओला होता. कुणी शीळ घातली नाही. गवीनं थोडं सरकून त्यांना पुढचं दिसेल अशी जागा करून दिली.

आणि त्र्यंबकराव खवल्यांनी नाटकाचा शेवट पाहिला.

शेवट काय होता ते, बाळांनो, मला सांगता येणार नाही. खवल्यांनी तो कुणालाच सांगितला नाही. नाटक संपल्यावर ते बराच वेळ चिखलात बसून होते, आणि उठले तेव्हा राजा दिसल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता, एवढं मात्र त्या गवीनं नंतर सांगितलं. त्या दिवसापासून त्यांनी मुंग्या सोडल्या आणि वाळवीवर राहू लागले. वाळवीवर अजून कुणी नाटक लिहिलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी लांडग्यांनी त्यांना बोलावलं.

“खवले, काल तुम्ही नदीपलीकडं गेला होतात म्हणे. तिकडं काही नाटकबिटक चालू आहे का? डुकरे शेठ विचारत होता. बरं असेल तर तो आणणार आहे. नाहीतर तुमची खुर्चीच तिकडं नेता येईल, म्हणाला.”

खवल्यांनी आयुष्यात कधी खोटं लिहिलं नव्हतं. खोटं बोललेही नव्हते. त्यासाठी त्यांनी डबे परत केले होते, दम ऐकून घेतले होते. त्यांनी लांडग्यांकडं सरळ पाहिलं.

“नाटक?” ते म्हणाले. “नाही हो. नुसता चिखल आहे.”

“मग त्यावर दोन ओळी?”

“चिखलावर काय लिहायचं.”

लांडग्यांनी मान डोलावली आणि तो विषय सोडून दिला. खवले संध्याकाळी नाट्यगृहात गेले. मोऱ्यांचं नवं नाटक होतं. चौथ्या मिनिटाला ते गुंडाळले. टाळ्या झाल्या.

नदीपलीकडं सगुणाबाईंचं नाटक अजून चालू आहे. त्यावर आजवर कुठंही एक ओळ छापून आलेली नाही. म्हणूनच चालू आहे, असं बेडूक म्हणतो. दर नवव्या दिवशी मागच्या बाजूला, त्या गवीशेजारी, एक जागा रिकामी ठेवलेली असते.

तात्पर्य : नावडलेल्या गोष्टींबद्दल माणसानं नेहमी खरं बोलावं, त्यानं कुणाचं फारसं बिघडत नाही आणि आपलं नाव होतं. आवडलेल्या गोष्टींबद्दल मात्र बेलाशक खोटं बोलावं. नाहीतर त्या जगत नाहीत.